पाठीमागची फळी

मरोळ गावठाणातल्या चर्चमध्ये, उजव्या भिंतीशी,
कबुलीचं सागवानी खोकं. पाठ वाळवीनं खाल्लेली.
फादर बोनिफास म्हणाले, मेस्त्री, ईस्टरच्या आत होईल ना?
मी फळीवर बोट वाजवलं.
पोकळ फळी पोकळच बोलते. म्हटलं, होईल.

शनिवारी काम आवरून निघालो,
पटाशी राहिली म्हणून परत फिरलो.
भिंत आणि खोकं यांच्यामध्ये हातभर जागा,
तिथं आडवा शिरलो. दिसला एक सुटलेला सांधा,
म्हणून तोंडात चार खिळे धरले.
मी आत आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

जाळीपलीकडे गुडघे टेकल्याचा आवाज.
मग खोकला. ओळखीचा.
पोरांना व्हायोलिन शिकवणारे अल्विटो सर,
कालच त्यांनी मला चहा पाजला होता,
वर खारी.

ते बोलले. मुलीचं नाव घेतलं नाही,
वय सांगितलं.
अकरा.

लोखंडाला चव असते
हे तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

फादर बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
आधी पोलिसात जा, मग माझ्याकडे ये.
तोवर माझ्याजवळ तुझ्यासाठी काही नाही.
तुम्ही सांगणार, फादर?
मला सांगता येत नाही.
सांगणार नाही, असं म्हणाले नाहीत.
सांगता येत नाही, म्हणाले.

रविवारी व्हायोलिन वाजलं.
पुढल्या रविवारीही.
सुरात होतं, हेच वाईट.

दुपारी आवारात, फणसाखाली, डबा उघडून बसलो.
फादरांच्या ताटात मांदेली.
म्हटलं, उगाच विचारतो, कायदा काय म्हणतो हो
असलं काही कानावर आलं तर?
त्यांचा हात थांबला. माझ्याकडे पाहिलं नाही.
कायदा म्हणतो, ज्याला कळलं त्यानं कळवावं.
झगा घातलेला, न घातलेला, असा भेद त्यात नाही.
आणि झगा काय म्हणतो?
म्हणतो, एकदा ही जाळी फुटली
तर उद्या तिच्यापाशी कुणी येणार नाही.
कुणी आलंच नाही, तर जा म्हणून सांगायचं कुणाला?
मी म्हटलं, आणि सांगूनही नाही गेला तर?
फादर काटा काढत राहिले.
मांदेलीला इतके काटे नसतात.

रात्री त्यांच्या खोलीत दिवा असायचा.
केवड्यासारखा पिवळा पडलेला माणूस मी जवळून बघितला.
राग आला. दयाही आली.
मग वाटलं, आपण कोण दया करणारे?
त्यांना निदान शपथ होती.
मला कुणी काय घातलं होतं?
चार खिळे, तेही मी कधीच थुंकून टाकलेले.
तरी तिसरा रविवार गेला.

सोमवारी नवी फळी बसवली, पाऊण इंची,
पॉलिशचे दोन हात दिले. आता मागून काही ऐकू येत नाही.
जुनी खांद्यावर टाकली,
वाळवीची माती सदऱ्यावर सांडत
पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढलो.
हवालदार बाई म्हणाल्या, हे काय आणलंत? बाहेर ठेवा.
म्हटलं, ह्याच्यामागं मी होतो.

त्यांनी खुर्ची दिली. मुलीचं नाव विचारलं,
मला माहीत नव्हतं. सरांचं विचारलं, सांगितलं.
मग पेन टेकवून म्हणाल्या,
कधी ऐकलंत?
मी तारीख सांगितली.

बाईंनी मान वर केली
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.