टी, यू, पी

डंडीला, मानसशास्त्र विभागाच्या तळघरात
एक आकृती टांगलेली आहे:
तीन चौकोन, मध्ये दोन बाण.
संवेदना, तात्पुरती स्मृती, कायमची स्मृती.
यात शिकणं कुठे, मी पहिल्याच दिवशी विचारलं.
डॉक्टर ऑगिल्वी चष्मा पुसत म्हणाल्या,
त्याला चौकोन नाही. तो बाण.

माझं काम पडद्यावर अक्षरं दाखवायचं.
तीन-तीन, मुद्दाम निरर्थक,
म्हणजे जुनं काही मध्ये लुडबुडणार नाही,
शिकणं निखळ मोजता येईल.
आधी मीच बसून पाहिलं.
डी, ए, आर. एन, ए, व्ही. एम, यू, एल.
दार. नाव. मूल.
चोवीसपैकी तेवीस बरोबर.
माझी ओळ खोडली गेली. शेरा: पूर्वज्ञानाने दूषित.

नोव्हेंबरात मिसेस गेडिस आल्या,
वय एकाहत्तर, जन्म वरच्या डोंगरखोऱ्यातला.
टी, यू, पी आलं
आणि त्या खुदकन हसल्या.
"टप! अगं, हा तर मेंढा."
मग चाचणी राहिली बाजूला.
पानगळीत त्याच्या छातीला लाल रंग फासायचा,
कळपात सोडायचा.
जिच्या पाठीवर रंग, ती वसंतात विणार.
वडील कुंपणावर बसून पाठी मोजत,
त्या खाली उभ्या राहून, बोटांवर.
आकडे शाळेत नाही शिकले, म्हणाल्या,
पाठींवर शिकले.

नियम असा की आपण बोलायचं नाही.
मी बोलले.
आमच्याकडे याला तूप म्हणतात.
लोणी कढवायचं, बुडबुड्यांचा आवाज थांबेपर्यंत,
तळाला खरपूस उरते ती बेरी,
ती साखर घालून मुलांना.
त्यांनी "बेरी" दोनदा म्हणून पाहिलं,
दातांखाली धरल्यासारखं.

आठवड्याने पुन्हा चाचणी.
चोवीसातले वीस गेले होते, कुठे कोण जाणे.
"टूप," त्या म्हणाल्या. त्यांच्या जिभेला त जमत नाही.
"आणि ते खालचं, मुलांचं. बेरी."
बेरी यादीत नव्हतीच.
रकान्यात काय भरू, कळेना.
शेवटी त्यांचीही ओळ बाद झाली.

रविवारी खोलीवर लोणी कढवते.
खिडकी वाफेने आंधळी, बाहेर टे नदी असावी.
आवाज थांबतो, तूप निवळतं,
आणि हल्ली भांड्याच्या तळाशी
एक मेंढा उभा असतो, छाती लालभडक,
माझ्याकडे बघत,
जणू उशीर मलाच झालाय.