एकशे बारा

आमच्या वसईत कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी.
इथे प्रेस्टनमध्ये इंग्रजी तर गल्लीतल्या कुत्र्यालाही कळतं,
मग कॉन्व्हेंट म्हणजे काय, हे मला
शाळा बंद व्हायच्या महिन्यात समजलं.

मी रात्रपाळीची नर्स. गुरुवारी मोकळी,
म्हणून पालकांच्या यादीत माझ्यापुढे कुणी लिहिलं:
मिसेस तुस्कानो, कपड्यांची खोली, मोजदाद.

खोली धुलाईघराच्या वर. पाइपांना अजून
पिवळ्या साबणाचा वास.
कपाटात टॉवेल, अभ्रे, हातपुसणी,
आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा आकडा.
मुलगी दाखल झाली की आधी आकडा मिळे,
मग पलंग, मग देव.

मला आमचा धोबी आठवला,
कॉलरच्या आत बिब्ब्याने खूण करणारा.
शर्ट विरायचा, खूण नाही.
आणि कधी कुणाच्या मानेवर तो उतायचा,
तेव्हा कळायचं, आपण कोणत्या गाठोड्यातले.

दाखल्याच्या वहीत मी एकशे बारा शोधला.
माझ्या रेनिशाचा तोच.

१८७९. हॅना एक्लस्टन. बाप सूतगिरणीत, फी निम्मी.
१८९१. मेरी ॲलिस थ्रेलफॉल. घरची पत्रं आली की रडते,
सबब पत्रं महिन्यातून एकदाच द्यावीत.
१९१७. ब्रिजेट कोनॅटी. पुढे नोव्हेंबर १९१८,
आणि एक क्रूस, शाईचा, घाईत मारलेला.
त्या हिवाळ्यात तापाने सगळेच घाईत होते.

त्यानंतर तीन वर्षं ओळ कोरी.
कुणीतरी ठरवलं असणार, इतक्यात नको.
कुणीतरी ठरवलं असणार, आता चालेल.
१९२१ला पुन्हा एकशे बारा, विनिफ्रेड गिलो,
तोच पलंग,
बहुधा तोच टॉवेल.

१९४०. लिव्हरपूलहून, बॉम्बमुळे. आडनाव ओघळलंय.
१९६३. मोजे कधीच वर नसतात.

खाली जिन्यापाशी ओकचा फलक,
सोनेरी अक्षरांत अकरा मदर सुपीरियर.
सिस्टर झिटा त्यात नाही.
ती मला धुण्याच्या वहीत भेटली:
अभ्रे दोन डझन, झिटा. अभ्रे दोन डझन, झिटा.
अशी चाळीस वर्षं.

उरलेल्या तिघींतल्या सिस्टर ऑगस्टीनने
चहा ढवळत सांगितलं,
झिटा आयर्लंडहून आली ती हात हलवत.
हुंडा आणला त्यांनी शिकवायचं, स्तोत्रं गायची.
नाही आणला त्यांनी धुवायचं, टाके घालायचे,
चॅपेलात मागच्या बाकावर बसायचं.
मी म्हटलं, ख्रिस्ताच्या घरीसुद्धा हुंडा?
ती म्हणाली, छप्पर गळायचं ना गं.
आणि बिस्किट बुडवलं,
ते तुटून कपात पडलं.

तेव्हापासून झिटाचा दोन मला ओळखू येतो.
शेपटी जरा लांब,
जणू दोरा उरलाय आणि वाया घालवायचा नाही.
१९१८च्या आसपासचा वाटला तो टॉवेल
मी उलटा करून पाहिला, खिडकीशी नेऊन.
काही नव्हतं. नुसत्या गाठी.
चांगल्या, घट्ट गाठी.

सप्टेंबरात इथे फ्लॅट व्हायला लागतील.
फलक संग्रहालयात जाणार. वही पेटीत, पेटी आर्चबिशपांकडे.
कपड्यांचं काय, विचारलं,
तर बिल्डरचा माणूस अदबीने म्हणाला,
घोड्यांच्या तबेल्यात चिंध्या लागतात, मॅडम.

मोजदादीत मी लिहिलं:
टॉवेल, एकशे बारा, नग एक, गहाळ.
वसईत याला चोरी म्हणतात.
इथल्या म्युझियममध्ये वेगळा शब्द आहे.

रेनिशा त्याने केस पुसते.
म्हणते, मम्मी, हा पाणीच टिपत नाही.