अंगठा

सुगतनं मोबाईल पुढं धरला.
बाबा, इथं अंगठा लावा,
मोठ्या माणसाचाच पायजे म्हन्ते.
कोपऱ्यात बारीक आकड्यांत सतरा लिहिलेलं.
त्याला वैशाखात चौदा पुरी होतील.

मी म्हटलं, आधी पाहू दे.
ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या खोलीत
बावीस वर्षं झाली मला,
डॉक्टर दारातून सांगतात
आणि आत हात माझे असतात.
न पाहता मी कशालाच हो म्हणत नाही.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली, ओट्यावर.
तिथं चौघं: सुगत, दानिश,
गजभियेंचा प्रज्वल, वर्गात हजेरीलाही नुसता हात वर करणारा,
आणि श्रावस्ती, तिची बंदूक सगळ्यांत लांब.

समोरून माणसं येतात.
माणसंच म्हणायची, चेहरे नसले तरी.
पोरं मारतात. ती पडतात.
मी सवयीनं मोजत होतो,
तिसऱ्यापर्यंत आलो
तर पहिला जागेवर नव्हता.
हा कुठं गेला रे?
गायब होते, बाबा. नाई तं मोबाईल हँग होईन.

होतो हँग, खरं आहे.
वडकी फाट्यावर टिप्परखाली आलेलं पोरगं
स्ट्रेचरवर घ्यायला आम्ही दोघंच होतो.
त्याच्या खिशात बोरं होती, कागदाच्या पुडीत,
मीठ लावलेली.
नोंदवहीत बोरांसाठी रकाना नाही.
दरवर्षी संक्रांतीच्या आसपास
मी एखाद्या वाक्याच्या मध्येच थांबतो,
बायको म्हणते, काय झालं, बोला की.

आणि रक्त हिरवं होतं.
कडुनिंबाच्या पाल्यासारखं हिरवं, भिंतीवर, बुटांवर.
हे असं कसं?
सुगत खाली पाहत म्हणाला,
सेटिंगमंदी मीच केलं.
लाल दिसलं तं तुमी नाई म्हनसान म्हनून.

तेवढ्यात प्रज्वल पडला.
मेला नाही, सरपटत होता,
डोक्यावर आकडे उलटे चाललेले, वीस, एकोणीस.
आणि ते मुकं पोरगं ओरडलं,
मले उचला! अबे मले उचला!
टाकीवरचे पारवे उडाले.
श्रावस्ती भिंतीआडून बाहेर आली
गोळ्या चालू असताना,
दानिश तिच्यापुढं उभा राहिला,
सुगतनं त्याला काखेत धरून ओढला.
आकडा चारवर थांबला.

फाट्यावर त्या दिवशी पन्नासेक माणसं असतील.
सगळ्यांचे मोबाईल वर होते.

गुल्हाने सर म्हणतात, असल्या खेळानं पोरं बिघडतात.
बिघडत असतील. मी सांगू शकत नाही.
धुऱ्याच्या भांडणात सख्ख्या भावाला
कुऱ्हाडीनं तोडणाऱ्या म्हाताऱ्याकडे
साधा फोनसुद्धा नव्हता.
तो भाऊ माझ्याच टेबलावर आला होता.
पण म्हणून माझं पोरगं
रोज संध्याकाळी दीडशे माणसं मारतं
आणि मग वरणभात मागतं,
हेही मला नीट गिळता येत नाही.

मी म्हटलं, मला दे एकदा.
मी तीनदा पडलो.
तिन्ही वेळा कोणी ना कोणी आलं,
चौथ्यांदा चौघं एकदम.
बाबा, तुमी पडूनच राह्यता,
सुगत हसला,
त्याचा आवाज यंदाच फुटलाय.

मग मी सांगितलं.
एक तास. इथंच, ओट्यावर, चौघं असतील तरच.
कानात काही घालायचं नाही,
कोण ओरडतं ते मला घरापर्यंत ऐकू आलं पाहिजे.
आणि रक्त लाल कर.
लाल? त्यानं दोनदा विचारलं.
लालच कर, हिरवं रक्त मी कधी धुतलं नाही.

त्यानं लाल केलं आणि मोबाईल पुढं धरला.
मी अंगठा टेकवला. नाही घेतला.
पुसून टेकवला. नाही घेतला.
रेशनच्या मशीनवरही असंच होतं,
फॉर्मलीननं रेषा गेल्यात, इतक्या वर्षांत.
दानिश म्हणाला, काका, ओला करून पाहा.
चौघं वाकून माझ्या बोटाकडे पाहत होते,
अंधार पडत आलेला.
आणखी एकदा, बाबा.
आणखी एकदा.