बोटं

हीउमा बेटाच्या टोकाला, जिथं जुनिपरसुद्धा वाकूनच उगवतं,
माझा बाप आडो दिव्याला तेल घालायचा.
त्या रात्रीही घातलं होतं. हे आधी सांगते,
कारण चौकशीला घोड्यांवरून जे आले
त्यांनी पहिलं तेच विचारलं.

झारचं जहाज, छप्पन्न तोफांचं.
वाळूच्या दांड्यावर ते कुशीवर बसलं,
अडलेली गाय बसते तसं,
आणि उठलंच नाही.
आत तोफा सुटून इकडून तिकडं घरंगळत होत्या;
कितीतरी वेळ आम्हांला वाटलं,
लढाई चाललीय.

सकाळी पुळणीवर पिंपं, दोरखंड,
वाळूनं तोंड भरलेली जहाजाची घंटा,
आणि शेवाळात एक पोरगा. जिवंत.
आईनं त्याला चुलीपाशी बसवलं,
राईची पेज पाजली, चमच्यानं, दात उघडून.

त्याची भाषा आम्हांला येईना.
तो खिडकीकडं बघत एकेक बोट मिटू लागला.
येवसेई. लुक्यान. पानक्रात.
नावं आहेत, हे आईला आधी कळलं.
त्याची दहा संपली,
तेव्हा त्यानं माझा हात ओढून घेतला.
मी नऊ वर्षांची. माझीही संपली.
आईनं पिठाचे हात पुसलेसुद्धा नाहीत, पुढं केले.
मग बापानं.
बापाची आठच.
दोन एका हिवाळ्यात नांगराच्या साखळीनं नेलेली.

तिथं पोरगा अडला.
दोन नावं तोंडात धरून बसला,
गिळेना, बोलेना.
त्या दोघांना बोट उरलं नव्हतं.

मेले तीनशेच्या वर, असं कारकून म्हणाला.
पोरगा फक्त आपल्या पंगतीचे मोजत होता.
कारकुनानं लिहिलं: तेल पुरेसं. वारा वायव्येचा.
पोराला घोड्यामागं बसवून नेलं.
जहाजाच्या नावाची फळी आमच्याकडंच राहिली;
ती अक्षरं आम्हांला वाचता येत नव्हती,
मेंढवाड्याला दार हवंच होतं.

बाप मात्र त्यानंतर भर उन्हाळ्यातही
हातमोजे घालू लागला.
पाच बोटांचे.
आईनं विणले, आणि त्यांतली दोन,
काही न बोलता,
लोकरीनं गच्च भरून दिली.