दिनविशेष

तुर्भ्याच्या शाळेत दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे.
सुविचार मोकाशी बाई लिहितात, रंगीत खडूने.
मला पांढरा पुरतो.
कोण जन्मलं, कोण वारलं, कुठला पूल खुला झाला,
पुस्तिकेतून दोन ओळी उतरवायच्या
आणि हात झटकायचे.

फेब्रुवारीत एकदा पुस्तिका सापडेना.
मग आठवलं ते लिहिलं:
१९२६. अमेरिकेत काळ्या माणसांच्या इतिहासाचा
पहिला आठवडा.

प्रार्थना झाली, रांगा आत गेल्या.
एकटी थांबली सुझाना सिद्दी, सहावी ब.
बाप मार्केटात कांद्याच्या गोण्या उतरवतो,
गाव हल्याळकडचं.
तिच्या केसांवरून मुलं काय काय बोलतात,
ते मी ऐकलंय
आणि हजेरी पुढे घेतलीय.

"सर, आठवडा कुणी दिला त्यांना?"

दिला नाही गं कुणी.
एक मास्तर होता. आईबाप गुलामीतून सुटलेले,
स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला,
विशीत हायस्कुलात बसलेला.
पुढे इतकं शिकला की सगळी पुस्तकं चाळून झाली
आणि त्यात घरचं कुणी भेटेना.
तेव्हा म्हणाला, वर्षातले सात दिवस आपले.
पन्नास वर्षांनी त्या सातांचा महिना झाला.

"फेब्रुवारीच का?"

लोक तेव्हा दोन जयंत्या करायचेच.
एक तर अशा माणसाची, जो गुलाम जन्मला,
ज्याची तारीख मालकाने कुठे टिपलीच नाही.
मोठेपणी त्याने आपली आपण निवडली.

"म्हणजे पप्पांसारखं. पप्पांचा एक जून."

मी हसलो. माझ्या बापाचाही एक जून,
चारही चुलत्यांचा एक जून,
हेडमास्तरांनी एका बैठकीत जन्माला घातलेले.
त्याच पाच जणांनी वस्तीत पहिली जयंती केली,
अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून,
मागून आणलेल्या एका बत्तीवर.
सरकारी सुट्टी फार नंतर आली.
हे मी तिला सांगितलं नाही.
का नाही, कोण जाणे.

"मग आपला कधी?" तिने विचारलं.
आपला म्हणाली. मी खडू पुढे केला.
तिने लिहिलं: रविवार. पप्पांना सुट्टी असते.

रविवारी बेलापूरच्या किल्ल्यावर अकरा जण आले.
एक दमाम, एक कुकर, दोन तान्ही पोरं.
मी मास्तरच तो, माहिती सांगायला लागलो:
हा सिद्दींनी बांधला.
पण ते जंजिऱ्याचे, तुम्ही हल्याळचे,
नातं आहे असं छातीठोक नाही सांगता येणार.
सुझाना म्हणाली, "नाही असं तरी सांगता येईल का?"

तिचा बाप बोलत नव्हता.
बुरुजाखाली पडलेल्या एका दगडाभोवती फिरत होता.
"सर, हे वर कुणी चढवलं? नावं आहेत?"
किल्लेदारांची असतील, म्हटलं.
उचलणाऱ्यांची कुणी लिहून ठेवली नाहीत.

तो उकिडवा बसला, दगडाखाली बोटं सरकवली,
पाठ ताठ केली, जरासा हलवला,
आणि परत होता तसा ठेवला.

"साठ किलो," म्हणाला. "वर थोडं."

सुझानाने वहीत लिहून घेतलं.