सहापैकी

टिश्यू हा शब्द आमच्या सावद्यात
केळीसोबत आला.
काळ्या पिशवीतली रोपं, ट्रकभर,
सगळी एका चेहऱ्याची, एकदमच निसवणारी.
लीलाधर एखादं तळहातावर तोलून म्हणायचा,
"यायचं बरं हाये, पुष्पे.
भाऊ नाही, बहीण नाही, समदे एकच."

जळगावच्या डॉक्टरांनी तोच शब्द माणसांना लावला
तेव्हा तो हसला,
आजार कळल्यापासून पहिल्यांदा.
आठवड्यातून तीनदा मशीन, पाणी मोजून,
आणि केळीवाल्यालाच केळं वर्ज्य.
दारात घड उतरायचे
तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं:
आईकडून तीन खुणा, बापाकडून तीन,
प्रत्येक लेकराला.
मुलगा की मुलगी, ते बघत नाही.
मी म्हटलं, परत सांगा.
त्यांना वाटलं, बाईला समजलं नाही.

मला रावेरचं रजिस्टर ऑफिस दिसत होतं.
हक्कसोड.
सही येत असून अंगठाही घेतला होता,
शाई पदराला लागलेली.
"तुले काय कमी हाये तिकडे?" आप्पा म्हणाले होते.
साहेबाने मान वर न करता विचारलं, स्वखुशीने?
मी हो म्हटलं.
वहिनीने मोरपंखी साडी दिली. ती विरली आता.

वहिनीचा रक्तगटच जुळला नाही.
प्रल्हादचं, सहापैकी एकही नाही.
लीलाधरच्या ताटात भरीत खाल्लेला,
त्याच्याच सायकलच्या दांडीवर बसून
फैजपूरला कॉलेज केलेला प्रल्हाद
कॅन्टीनमध्ये चहा निववत बसून राहिला,
कुणी त्याला घराबाहेर काढल्यासारखा.

माझ्या सहाच्या सहा.
आप्पांच्या तीन, मायच्या तीन,
लीलाधरकडे आहेत त्याच.
मोजणी नाही, वाटणी नाही,
दोघांकडे पूर्ण.

समितीपुढे खुर्चीत बसवलं, कॅमेरा लावला.
कुणाचा दबाव आहे का?
नाही.
स्वखुशीने?
या वेळी मी जरा थांबले.
नवरा छताकडे बघत होता.
मग हो म्हटलं, मोठ्याने,
कारण या वेळी विचारणारा
माझ्याकडे बघत होता.

ऑपरेशनआधी परत एकदा रक्त घेतलं.
त्याच्या रक्तातलं पाणी आणि माझ्या पेशी
एकत्र ठेवतात
आणि बघतात,
त्याच्यात माझ्याविरुद्ध काही आहे का.
एवढंच. काचेवर.
चाळीस वर्षांत घरात कुणी बघितलं नव्हतं.

लॅबमधली तडवींची पोर, चोपड्याची,
धावत आली. "निगेटिव्ह, मावशी!"
माझा चेहरा उतरला.
"अहो, निगेटिव्ह म्हणजे चांगलं.
काही नाही त्यांच्या मनात."
मग जीभ चावली तिने:
"रक्तात."

मी म्हटलं, सही कुठे करू?
तिने बोट ठेवून जागा दाखवली.
अंगठा नको म्हणाली.