शितावरून

चौथीच्या पुस्तकात म्हणींचा धडा आहे.
तिसरी म्हण मी फळ्यावर लिहिली:
शितावरून भाताची परीक्षा.
आणि सांगितलं, जसं मला कुणी सांगितलं होतं,
की एक दाणा चेपून बघायचा,
तो शिजला असला तर पातेलं शिजलं.

रिवणच्या वरच्या वाड्यावरची शाळा.
अकरा मुलं, चार इयत्ता, एक खोली,
एक पंखा, तोही पहिलीच्या बाजूला.
खालच्या वळणावर पिवळी बस थांबते,
बाकीची मुलं तिच्यातून इंग्रजीकडे जातात.

साईश वेळीप फळ्याकडे बघत राहिला.
"बाई, हें चुकलां.
शीत म्हळ्यार जेवतात तें, पुराय ताट.
भात म्हळ्यार शेतांतलें."

खडू माझ्या हातातच राहिला.
मीही घरी आईजवळ शीतच मागायची.
शाळेच्या पायरीवर ते पुसून आत यायची,
पायाच्या चिखलासारखं.
पंधरा वर्षं ही म्हण शिकवते आहे
आणि माझ्या ताटातलं शीत
माझ्याच फळ्यावरच्या शिताला
एकदाही भेटलं नव्हतं.

"मग शितावरून भाताची परीक्षा होत नाही?"
"जाता," तो म्हणाला. "आजो करता.
घांस तोंडांत घालतकच सांगता
खंयच्या शेताचें भात तें.
न्हंयकडचें काय दोंगराकुशीचें."

म्हण चुकली नव्हती. लांब झाली होती.
पातेल्यातून उठून मळणीवर गेली,
तिथून बांधावर, बांधावरून
नदी कुठल्या वर्षी आत शिरली होती तिथवर.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला:
"भत्त."

निंगव्वा.
हावेरीकडची, बाप चिऱ्याच्या खाणीवर.
जूनपासून हजेरीला नुसतं बोट वर.
तिच्या नावापुढे मी पेन्सिलीनं लिहिलं होतं: मंद?
एका शितावरून. तेही न चेपता.

"भत्त," ती पुन्हा म्हणाली, यावेळी मोठ्यानं,
आणि हातांनी लावलं, कापलं, झोडपलं.
मग पाच बोटं तोंडाशी नेली: "अन्न."
साईश वळला. "तुमचेंय भात?"
परक्या बाजारात गाववाला भेटावा
तशी दोघं एकमेकांकडे बघत होती.

मी फळ्यावर तीन उभ्या रेघा मारल्या.
भात, शीत, अन्न.
दुसरीतल्या जॉयलिननं विचारलं, "आनी पाव?"
दुपारचा पाव-भाजीचा डबा आलाच होता.
पावाला सगळ्यांनी पावच म्हटलं.

पुढच्या आठवड्यात साहेब आले,
रेघा अजून पुसल्या नव्हत्या.
"माध्यम मराठी ना तुमचं? मुलांचा गोंधळ होईल."
चांगले होते बोलायला. चहा बिनसाखरेचा घेतात.
म्हणाले, "कुणीतरी वाचून दाखवा."
निंगव्वा उठली. मी सांगितलं नव्हतं.
अक्षरावर बोट ठेवून, अक्षर सुटलं की मागे जाऊन,
शि-ता-व-रू-न,
आणि मग थोडी घाईनं, ओळखीच्या दारात शिरावं तशी,
"भात्ताची परीक्षा."

"उच्चार बघा," साहेब म्हणाले.
"हो," मी म्हटलं,
"तिथूनच ती आत आली."

त्यांनी काही लिहिलं. काय ते मला दिसलं नाही.
फॉर्मवर माध्यमापुढे एकच चौकोन असतो,
त्यात एकच शब्द मावतो,
तो मी भरला. खोटा नाही तो.

संध्याकाळी वर्ग झाडून झाल्यावर
हजेरीपट उघडला, पेन्सिलीचं खोडलं.
रबर जुना होता, घासावं लागलं.
निंगव्वाच्या नावापुढे कागद पातळ झालाय.
खिडकीशी धरला तर
पलीकडचा उजेड दिसतो.